चाळिसाव्या दिवसाची भाकरी

"कितवा दिस?"

रेवणअण्णा हा प्रश्न कुणालाही आणि कशाबद्दलही विचारायचे. कुणाच्या मुलीला बघून पाहुणे गेले, कितवा दिस? हमालाच्या पायात खिळा गेला, कितवा दिस? नवी वहाण चावते, कितवा दिस? समोरच्याने आकडा सांगितला की ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. पुढे चौकशी नाही, सल्ला नाही, काही नाही. मी पेढीवर नवा होतो तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. माणसाला एवढी मोजदाद कशाला लागते, असं मी शेठना एकदा विचारलंही. शेठ म्हणाले, "मास्तर, तुम्ही इंग्रजी पत्रं बघा. अण्णाच्या वाटेला जाऊ नका."

मी मास्तर फक्त नावाला. शाळेची नोकरी सुटल्यावर सोलापुरात आमच्या शेठच्या धान्याच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहाराला लागलो, पण लोकांनी मास्तर म्हणणं सोडलं नाही. ही मंदीच्या आधीची तीन-चार वर्षं. शेठना तेव्हा पीठ परदेशी पाठवायचं वेड लागलं होतं. ज्वारी मुंबईहून जहाजाने जायचीच, पण पीठ कुणी पाठवत नसे. मोंबाशाला आपल्याकडची बरीच माणसं रेल्वेच्या कामावर गेलेली. तिथे ज्वारी मिळाली तरी ती दळणार कोण? तेव्हा तिथल्या एका व्यापाऱ्याने मुंबईच्या दलालामार्फत विचारलं, दळलेलं पाठवाल का? शेठ हो म्हणाले. मग त्यांनी अण्णांना बोलावलं, कारण पेढीवर ज्वारीतलं कळणारा माणूस तो एकच.

अण्णा मैंदर्गीचे, पेढीचं गोदाम सांभाळायचे. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्हीची भेळ. ज्वारी कुठल्या शिवारातली हे दाणा दाताखाली धरून सांगायचे. एकदा मोडनिंबच्या एका बागायतदाराने गाडी भरून ज्वारी आणली, वरची पोती मोत्यासारखी. अण्णांनी वरच्या पोत्याकडे बघितलंच नाही. गाडीखाली वाकून सर्वांत खालच्या पोत्याला बोट घातलं, दाणा चावला आणि थुंकला. "भिजल्यालं हाय. वाळवून आनलंय." तो माणूस चिडून शपथा घ्यायला लागला. अण्णांनी थंडपणे विचारलं, "भिजून कितवा दिस?" आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडून पटकन "आठवा" असं निघून गेलं. पेढीवर आम्ही हसून हसून लोळलो. अण्णा हसले नाहीत. त्यांना मी मोकळेपणी हसताना बघितल्याचं मला आठवत नाही.

पीठ परदेशी पाठवायचं म्हटल्यावर अण्णांनी सरळ कानावर हात ठेवले.

"ज्वारीचं पीठ हाय शेठ, ते लाकूड न्हाय. पंदरा दिसात कडू व्हतंय. त्याची विरी जातीय. भाकरी थापाय घेतली की कडंनं चिरती, उचलली की मोडती. आमच्या घरात आठ दिसाचं दळत न्हाईत आन् तुमी बोटीत घालताय?"

ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याचा चिकटपणा जातो, ही गोष्ट सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेठनाही ठाऊक होती. पण मग शेठनी एक वाक्य टाकलं. "तुमचा गुरू तिथंच आहे ना, अण्णा?"

अण्णांनी कानावरचे हात काढले.

गुरू, म्हणजे गुरुनाथ, त्यांचा एकुलता एक मुलगा. सोलापुरातल्या एका गिरणीत फिटर होता. संपात नोकरी गेली, घरात बापलेकांची वादावादी झाली, आणि रागाच्या भरात अण्णा बोलून गेले, "जा कुटं जायाचं तितं." पोरगा मोंबाशाला गेला. आई आधीच वारलेली. जाऊन वर्ष झालं तरी अण्णा "कितवा दिस" हा प्रश्न त्याच्याबाबतीत मात्र कुणाला विचारत नसत. तो आकडा त्यांना स्वतःलाच पाठ होता. एकदा मीच विचारलं तर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "चारशे एकवीस."

तर अण्णा तयार झाले. एका अटीवर. दर खेपेला एक लहान पोतं तांबड्या दोऱ्याने शिवायचं आणि ते व्यापाऱ्याने गुरूला द्यायचं. शेठ म्हणाले, द्या. मला अण्णा बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, जिबंला हितली भाकर लागत ऱ्हायली ना, की पोरगं माघारी येतंय. जीब इसरली की संपलं." एवढं बोलताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं, खरं सांगतो.

पहिली खेप गेली. गुरूचं पत्र आलं. अण्णांना कानडी वाचता यायचं, मराठी नाही, आणि गुरू शिकलेला मराठी शाळेत. तेव्हा पत्रं मी वाचून दाखवायची हा रिवाज पडला. गुरूने लिहिलं होतं, पीठ अमुक दिवशी हातात पडलं, त्याच दिवशी भाकरी केली, झकास झाली. अण्णांनी माझ्याकडून दिवस मोजून घेतले. गिरणीतून पीठ निघाल्यापासून गुरूच्या तव्यावर भाकरी पडेपर्यंत चाळीस दिवस.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या भिंतीवर एक फळी ठोकलेली दिसली. तिच्यावर पत्र्याचा लहान डबा. दर खेपेला अण्णा गुरूच्या पोत्यातलंच ओंजळभर पीठ त्या डब्यात काढून ठेवायला लागले. डब्याखाली भिंतीवर रोज सकाळी चुन्याचं एक बोट. चाळीस बोटं झाली की डबा खाली यायचा, गोदामाच्या मागे तीन दगडांवर तवा चढायचा आणि अण्णा त्या पिठाची भाकरी करून खायचे.

मला हे कळलं ते चुकून. मी मागे पाणी प्यायला गेलो, तर हे महाशय उकिडवे बसून तव्यावरचे तुकडे गोळा करताहेत. भाकरी नव्हतीच ती, नुसता भुगा. मी म्हटलं, "अण्णा, हे काय?" त्यांनी एक तुकडा पुढे केला. मी तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. कडूजहर!

"आज तितं ह्येच खात्यात," अण्णा म्हणाले, आणि कांदा फोडून उरलेला सगळा भुगा खाल्ला, एक कणही न टाकता.

तीन आठवड्यांनी गुरूचं पत्र. "भाकरी या खेपेलाही छान झाली. शेजारचे मागून नेतात." मी वाचलं. अण्णांनी ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि पोती मोजायला निघून गेले. त्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती, माझ्या नावाची. "मास्तर, हे अण्णांना वाचून दाखवू नका. पीठ कडू येतं. मी ते शेजाऱ्याच्या शेळ्यांना घालतो. पण अण्णांना वाईट वाटेल म्हणून लिहीत नाही." मी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. पोरगा बापाला खोटं लिहितोय, बापाला ते खोटं आहे हे भिंतीवरच्या बोटांनी कळतंय, आणि मी मधे मठ्ठासारखा दोघांचं ऐकून घेतोय. तीन वर्षं हे चाललं. एकदाच अण्णा मला म्हणाले, "तुमी वाचता त्यातलं निम्मं तुमच्याच खिशात ऱ्हातंय की, मास्तर." माझा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मोंबाशाचा व्यापारी इंग्रजीत तक्रारी करायचाच. शेठ म्हणायचे, भाव पाडायला रडतोय. तिकडे ज्वारीचं दुसरं पीठ मिळत नव्हतं म्हणून तो घेत होता, एवढंच.

मधल्या काळात माझी बायको विषमज्वराने अंथरुणाला खिळली. मी पेढीवर आलो की दारातच अण्णा उभे. "कितवा दिस?" मी सांगायचो, पाचवा. सहावा. नववा. चौदाव्या दिवशी मी इतका वैतागलो होतो की सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो, माणूस मरतंय तिथे आणि तुमची मोजणी कसली चाललीय?" अण्णा पोती मोजायला गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात, पुन्हा तोच प्रश्न. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. बाविसाव्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी ज्वारीची आंबील भरलेलं भांडं घेऊन अण्णा. पातळ, मऊ, ताकातली. "आज देता येती," म्हणाले. तेव्हा मला उमगलं की हा माणूस मोजतो म्हणजे तेवढे दिवस आपल्याबरोबर काढतो. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पीठ टिकावं म्हणून अण्णांनी काय काय केलं! ज्वारीला चार-चार उन्हं दिली. दुहेरी पिशव्या शिवल्या. एकदा दाणे किंचित भाजून दळले, तर पीठ टिकलं पण भाकरीऐवजी सत्तू झालं. आणि घाई तर विचारू नका. पीठ जेवढं ताजं निघेल तेवढं टिकेल, या हिशेबाने ते इंजिनच्या गिरणीसमोर स्वतः पोतं धरून उभे राहायचे. पीठ पडेल तसं पोत्यात, पोतं हाताला चटका देतंय तोवर शिवून बैलगाडीत, गाडी पळवत स्टेशनवर. "गरम हाय तवर गेलं पायजे," असं गाडीवानावर खेकसायचे. आपल्याकडे गरम पीठ म्हणजे ताजं पीठ, हे कुणी शिकवावं लागतं का? बायका गिरणीतून येताना डब्याला हात लावून एकमेकींना दाखवतात.

आमच्या गोदामात गंगव्वा नावाची एक विधवा बाई धान्य निवडायला यायची. तोंडाने फटकळ. घरी अजून जात्यावरच दळायची. एका हिवाळ्यात, गड्ड्याची जत्रा आठवड्यावर आलेली, अण्णा असेच गरम पोतं शिवत होते. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, एक इचारू? गरम पीठ कोंडून ठिवलं की त्याला घाम येतो की. आमी परातीत पसरतो, गार करतो, मग डब्यात भरतो. तुमी कोंबडी उबवल्यागत उबवताय ते."

अण्णांच्या हातातली दाभण थांबली.

त्यांनी शिवण उसवली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला. बोटांना पीठ चिकटलं होतं, ओलसर, गोळ्यागोळ्यांनी. त्यांनी ते अंगठ्याने चोळून बघितलं. "यप्पा," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तीन वर्सं मीच त्येला कडू खायाला घातलं." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ती खेप त्यांनी अडवली. शेठ चिडले, बोट चुकेल म्हणाले. अण्णांनी ऐकलं नाही. व्यापाऱ्याच्या पोत्यांतलं पीठ दोन दिवस सावलीत पसरून गार केलं. गुरूचं पीठ मात्र गंगव्वाच्या जात्यावर दळून घेतलं, थोडं थोडं, जातं तापू न देता. स्वच्छ धोतरावर पसरलं. आसपास कुणाला फिरकू दिलं नाही. नव्या पत्र्याच्या डब्यात भरून झाकण डाग देऊन झाळून घेतलं आणि वरून तांबडा दोरा बांधला. तसलाच एक लहान डबा झाळून फळीवर ठेवला. डबा स्टेशनवर गेला तेव्हा अण्णा गाडीबरोबर चालत गेले, आणि या वेळी गाडीवानाला म्हणाले, "सावकास जाऊ दे रं." परत आल्यावर भिंतीवर पहिलं बोट ओढलं. मला वाटतं, त्या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आशा म्हणत असावेत. मी आधी ते तिथे बघितलं नव्हतं.

भिंतीवर तिसावं बोट पडलं त्या दिवशी टपालात मोंबाशाची दोन पत्रं एकदम आली.

पहिलं व्यापाऱ्याचं, इंग्रजी. सरळ लिहिलं होतं की तिकडे आता मक्याचं पीठ गिरण्यांतून मुबलक निघतं, स्वस्त पडतं, आपली माणसंही तेच खायला लागलीत. ज्वारीच्या पिठाची मागणी बंद समजावी. वाटेत असलेला माल उतरवून घेऊ, पुढचा पाठवू नये. शेठनी ऐकलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "संपलं म्हणायचं."

दुसरं गुरूचं. मी ते आधी एकट्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर वाटलं, हे मला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं. गुरूने मोंबासा सोडला होता. आत, चार दिवसांच्या वाटेवर, नव्या कारखान्यात गेला होता. तिथल्याच एका बाईशी घर मांडलं होतं. मुलगा झाला होता. "ती मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा करते. मला त्याचीच सवय झाली आहे. अण्णा, पीठ पाठवू नका. आजवर एकदाही गोड आलं नाही, मी तुम्हाला खोटं लिहीत होतो. आता तिकडे येणं होईलसं वाटत नाही. माझी वाट बघू नका." खाली, नेहमीप्रमाणे, साष्टांग नमस्कार.

अण्णा गोदामाच्या दारात येऊन बसले. खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर घेतलं. पत्र ऐकताना ते तसेच बसायचे. मी त्यांच्याकडे बघितलं. काय सांगावं, माझ्या हातून पाप झालं. मी कागद समोर धरला आणि वाचल्यासारखं बोललो, "अण्णांस साष्टांग नमस्कार. या वेळचा डबा पोचला. भाकरी टम्म फुगली. अगदी घरच्यासारखी गोड."

अण्णा ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पत्र लिवलं तवा कितवा दिस?"

मी कागदाकडे बघितलं. तारीख वर ठळक लिहिलेली. पत्र यायला वीस-बावीस दिवस लागतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी भिंतीकडे बोट केलं, तीस बोटांकडे.

"डबा आजून पोचल्याला न्हाय, मास्तर. ह्ये लिवलं तवा तर मुंबई सुटला न्हवता." आवाज चढला नव्हता. "आता खरं वाचा."

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही. मुलगा झाल्याचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. पत्र संपल्यावर विचारलं, "पोराचं नाव न्हाय लिवलं?" मी म्हटलं, नाही. "कितवा दिस?" मी म्हटलं, "तेही नाही लिहिलेलं, अण्णा." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि उठले.

मला वाटलं, आता भिंतीवरची बोटं थांबणार. थांबली नाहीत. एकतिसावं पडलं, बत्तिसावं पडलं. कुणाशी बोलणं नाही. कितवा दिस हे विचारणंही बंद. हमालांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एकाने मुद्दाम येऊन सांगितलं, अण्णा, माझी म्हैस आटली. तर नुसतं बघितलं त्यांनी त्याच्याकडे.

चाळिसाव्या दिवशी ते मला बोलवायला आले. तेही कधी केलं नव्हतं. गोदामाच्या मागे तीन दगडांवर तवा तापला होता. गंगव्वा भिंतीला टेकून उभी होती. अण्णांनी डब्याचं झाकण छिन्नीने उघडलं. पिठाचा वास आला, आणि तो ताज्या दळणाचा होता. त्यांनी ते परातीत घेतलं, मळलं, थापायला घेतलं. म्हातारे हात, पण कड कुठे चिरली नाही. भाकरी तव्यावर गेली, पाण्याचा हात फिरला, उलटली, मग निखाऱ्याला लागली. आणि फुगली. टम्म फुगली, अगदी मी खोटं वाचलं होतं तशी.

गंगव्वाने डोळ्याला पदर लावला.

अण्णांनी भाकरी उपरण्यावर घेतली आणि सगळीच्या सगळी माझ्यापुढे ठेवली. कांदा फोडून दिला. मी म्हटलं, "अण्णा, अर्धी तुम्ही घ्या."

"नगं," ते म्हणाले. "त्यो कडू खात व्हता तवर मी खाल्ली. ही त्येला न्हाय मिळाली. मी कशी खाऊ?"

मी खाल्ली. त्यांच्यासमोर बसून, एकेक घास गिळत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटचा घास संपल्यावर त्यांनी विचारलं, "कडू हाय?"

"नाही, अण्णा. गोड आहे."

त्यांनी मान हलवली. मग उठले, आत गेले, आणि ओल्या फडक्याने भिंतीवरची बोटं पुसायला लागले, पहिल्यापासून, एकेक करून.